व्यक्तिमत्त्व चाचणी, नोकरभरतीतील

उमेदवाराचे स्वभावविशेष मोजून तो कामात टिकेल व रमेल का, याचा अंदाज घेण्यासाठी भरतीच्या वेळी दिली जाणारी प्रश्नावली. भोसला मिलिटरी स्कूलमुळे नाशिकला परिचित असलेली सेवा निवड मंडळाची (सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची) शब्दसाहचर्य चाचणी (६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद; शब्द पाहून सुचेल ते लिहायचे) वेगळी. ती प्रक्षेपण चाचणी, म्हणजे मोकळ्या प्रतिसादातून मन ओळखू पाहणारी, असून तिचा अर्थ तज्ज्ञाने लावावा लागतो. सातपूर, अंबड, सिन्नर येथील कारखान्यांना सोयीची ती स्वनिवेदन चाचणी, म्हणजे उमेदवार स्वतःबद्दलच्या विधानांना ठरावीक उत्तरे देतो ती. तिचे गुण उत्तरतालिकेवरून काढता येतात.

उगमाबद्दल एकमत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याने १८८४ मध्ये शब्दकोशातील स्वभाववाचक शब्द मोजण्याची कल्पना मांडली, म्हणून काही अभ्यासक तेथवर मागे जातात. तथापि निवडीसाठीच रचलेली पहिली प्रश्नावली बहुधा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ याची. तोफांच्या माऱ्यापुढे कोणता सैनिक खचेल हे आधीच ओळखण्यासाठी त्याने पहिल्या महायुद्धात होय-नाही स्वरूपाचे ११६ प्रश्न जुळवले. ते तयार होईतो युद्ध आटोपले. ऑलपोर्ट व ऑडबर्ट (१९३६) यांनी इंग्रजी शब्दकोशातून सु. १८,००० स्वभाववाचक शब्द वेचले. टप्स व ख्रिस्टल (१९६१) यांना अमेरिकी हवाई दलाच्या सामग्रीत स्वभावाचे पाच घटक आढळले. आजचे बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता, मिळतेजुळतेपणा व अनुभवाभिमुखता (नव्या अनुभवांची ओढ) हे पंचक त्याच परंपरेतले.

गायॉन व गॉटियर (१९६५) यांनी अशा चाचण्यांवर निवड सोपवू नये असे मत दिले. बॅरिक व माउंट (१९९१) यांना मात्र कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी सर्व व्यवसायगटांत संबंध दिसला; सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचे माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) सु. ०.२. हा आकडा लहान असला तरी खरा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कार्यसमाधानाशी भावनिक अस्थिरतेचा −०.२९ व कर्तव्यदक्षतेचा ०.२६ सहसंबंध मिळतो (जज, हेलर व माउंट, २००२). या आकड्यांचा वर्ग केल्यास समाधानातील फरकाचा प्रत्येकी ९ टक्क्यांहून कमी भाग उलगडतो. उरलेले स्पष्टीकरण बरेचसे चाचणीबाहेर शोधावे लागते.

घोटाळे बहुतेक वापरात होतात. सरासरी ५०, प्रमाण विचलन १० व विश्वसनीयता (गुणांचा भरवसा; कमाल १) ०.८० असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण खऱ्या पातळीपासून साधारण किती ढळू शकतात ते, सु. ४.५ येते. अशा वेळी ५० वर रेषा आखून ४८ गुणांच्या फिटरला परत पाठवणे व ५१ च्या फिटरला रुजू करून घेणे ही जवळजवळ नाणेफेकच. प्रमाणके (गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची त्या गटाचे आकडे) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आणि उमेदवार आयटीआयचे, हा दुसरा दोष. मराठी भाषांतराचा तिसरा. ‘मला क्वचितच उदास वाटते’ या विधानापुढे ‘पूर्णतः असहमत’ निवडताना वाचक दुहेरी नकारात अडकतो. शिवाय असे विधान उलट गुणांकनाचे असते, म्हणजे सहमतीला कमी गुण द्यायचे असतात, आणि गुण उलटवायचे राहिले की घटकाची अंतर्गत सुसंगती (त्यातील विधानांचा परस्पर मेळ) ढासळते. म्हणून दुसऱ्या अनुवादकाकडून मराठीचे मूळ भाषेत उलट-भाषांतर करवून घ्यावे व मूळ विधानाशी ताडावे. चौथा दोष उत्तरे सजवण्याचा: ‘मी वेळेवर कामावर जातो’ याला नोकरी मागायला आलेला कोण नाही म्हणेल? त्यावर सारख्याच चांगल्या दिसणाऱ्या दोन विधानांतून एक निवडायला लावण्याचा उपाय करतात. सोळा प्रकारांची लोकप्रिय मायर्स-ब्रिग्ज चाचणी तिच्या प्रकाशकांनीच भरतीसाठी अयोग्य ठरवली आहे.

कार्यसमाधान स्वतंत्रपणे मोजतात. रॉबर्ट हॉपक (१९३५) याच्या कार्यसमाधानावरील अभ्यासानंतर स्मिथ, केंडॉल व हुलिन (१९६९) यांनी काम, वेतन, बढती, पर्यवेक्षक व सहकारी अशा पाच अंगांची, ७२ बाबींची मापनी केली. पाळी, ओव्हरटाइम, कंत्राटी नेमणूक यांना तीत वेगळे अंग नाही; औद्योगिक वसाहतीत वापरताना ते प्रश्न जोडावे लागतात. प्रपत्रावर नाव वा टोकन क्रमांक लिहवून घेऊ नये आणि ते सुपरवायझरमार्फत गोळा करू नये, नाहीतर सगळेच ‘समाधानी’ निघतात.