वॉर्निंग गेली, चूक गेली का?

दादर स्टेशनच्या गर्दीत अँड्रॉइड फोनवरून लोकलचं तिकीट काढणाऱ्याच्या हातात लिनक्स कर्नल असतो. मेमरी कोणाला द्यायची, नेटवर्कवरून आलेला डेटा कुठल्या अ‍ॅपकडे पोचवायचा, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा हा गाभा ठरवतो. अ‍ॅपमध्ये चूक झाली तर बहुधा तेवढं अ‍ॅप बंद पडतं. कर्नलमध्ये झाली तर अख्खं मशीन बसतं, नाहीतर परक्याच्या ताब्यात जातं.

म्हणून कर्नलचा कोड न चालवता, नुसता वाचून चुका हुडकणारी साधनं वापरतात. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये गाड्या थांबवून रूळ तपासतात, तसंच हे. याला स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणतात. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ हे असं साधन लिहिलं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये खास कर्नलसाठी ‘स्पार्स’ सुरू केलं, डॅन कार्पेंटर यांचं ‘स्मॅच’ही त्याच कामाचं.

या साधनांनी वॉर्निंग, म्हणजे ‘इथे चूक असू शकते’ असा इशारा, दिली की खरं काम सुरू होतं. २००९ मध्ये गाजलेली एक चूक बघा. व्हीपीएनसाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीसाठी, लागणाऱ्या ‘टन’ ड्रायव्हरमध्ये (ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण किंवा जोडणी सांभाळणारा कोड) एका ओळीत एका पॉइंटरमधून, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यावरून, माहिती वाचली होती. तो पत्ता रिकामा, म्हणजे ‘नल’, तर नाही ना, ही तपासणी त्यानंतर होती. आधी वापर, मग चौकशी! कंपायलरने, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, तर्क लावला: पॉइंटर वर वापरला आहे, म्हणजे तो नल असूच शकत नाही, मग तपासणी हवी कशाला? त्याने ती चक्क काढून टाकली. सी भाषेच्या नियमांत हे बसतं. हल्लेखोराला शून्य पत्त्यावर, म्हणजे नलच्या जागी, स्वतःचा डेटा ठेवता आला, की कर्नल तोच खरा मानून पुढे जाई आणि मशीनचा पूर्ण ताबा त्याच्या हाती जाई. अशा तपासण्या काढू नकोस, असं कंपायलरला बजावणारा पर्याय त्यानंतर कर्नलमध्ये घालण्यात आला.

‘तपासण्याआधीच वापरलं’ अशी नेमकी वॉर्निंग स्मॅच देतं. ती घालवायचे रस्ते दोन. तपासणी पुसून टाका, नाहीतर वाचणारी ओळ तपासणीच्या खाली न्या. साधन दोन्हींनी गप्प बसतं. पण पॉइंटर खरोखर नल येऊ शकत असेल, तर पहिल्या रस्त्याने चूक तशीच राहते आणि तिचा मागमूसही उरत नाही. तो कधीच नल येत नसेल, तर तपासणी पुसणंच बरोबर. हे ठरवायला त्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याला, कोण कोण बोलावतं, ते एकेक करून बघावं लागतं. माझ्या मते या कामातला सगळा कस इथेच लागतो.

खोट्या वॉर्निंगही येतात, आणि त्या टळणार नाहीत. प्रोग्रामच्या वागणुकीबद्दलच्या प्रश्नांना दरवेळी अचूक उत्तर देणारं साधन बनूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं. ‘व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) किंमत न देताच वापरलं’ ही वॉर्निंग अशीच अनेकदा फसवी निघते. ती दाबायला कर्नलमध्ये एक खास मॅक्रो, म्हणजे कोडमध्ये वापरायचं आखूड नाव, होता. पण त्यामुळे खऱ्या चुकाही झाकल्या जात, म्हणून २०२० मध्ये तो हटवला. वॉर्निंग जावी म्हणून व्हेरिएबलला डोळे मिटून ‘शून्य’ लिहून टाकण्यातही तोच धोका आहे: शून्य ही त्या जागी चुकीची किंमत असेल, तर ते सांगणारं आता कोणी उरलेलं नसतं.

पवईच्या आयआयटी मुंबईत उदय खेडकर, अमिताभ सन्याल यांच्यासारख्या प्राध्यापकांनी डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवर, म्हणजे कोडमधून किमती कशा वाहतात याच्या शास्त्रावर, वर्षानुवर्षं काम केलं आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना कर्नलमध्ये हात घालायचा असेल, तर ‘स्टेजिंग’ या, अजून पुरता तयार न झालेला कोड ठेवायच्या, विभागातले ड्रायव्हर चांगली सुरुवात आहे. तिथे नवख्यांचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, घेतात. पॅचसोबत मात्र ‘वॉर्निंग काढली’ एवढंच लिहू नका. साधनाने काय म्हटलं, ते खरं होतं का, आणि खरं असल्यास कोणत्या वाटेने बिघाड झाला असता, हे चार ओळींत लिहा. पॅच तपासणारा आधी तेच वाचतो.