ऊर्जा अक्षय्यतेचा नियम

ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. भौतिकशास्त्रात मूलभूत नियम बरेच आहेत, न्यूटनचे गतीचे, गुरुत्वाकर्षणाचा, मॅक्सवेलची समीकरणं, पण त्यातला एकच ठेवा म्हटलं तर माझं मत यालाच, कारण न्यूटनवर आइन्स्टाइन आला, मग क्वांटम आलं, बाकी बरंच काही दुरुस्त करावं लागलं आणि हा मात्र दर वेळी टिकला. म्हटलं तर हा जमाखर्च आहे: बंदिस्त सिस्टीममध्ये सुरुवातीला जेवढी ऊर्जा तेवढीच शेवटी, कमी भरली तर कुठेतरी गेलेली असणार, ती शोधायची.

नियम कुणा एकाचा नाही. मायर नावाचा जर्मन डॉक्टर १८४० मध्ये जहाजावरून जावाला गेला, तिथे खलाशांचं रक्त काढताना त्याला शिरेतलं रक्त नेहमीपेक्षा लाल दिसलं. उष्ण हवेत शरीराला ऊब टिकवायला कमी जाळावं लागतं म्हणून रक्तात ऑक्सिजन उरतो असं त्याने ताडलं, आणि विचार करत करत उष्णता आणि काम एकमेकांत बदलतात इथवर पोचला. डॉक्टरचं फिजिक्स कोण ऐकणार, फारसं कुणी ऐकलं नाही. तिकडे इंग्लंडात ज्यूल, घरचा धंदा बिअरचा, त्याने तांब्याच्या भांड्यात पाणी भरून आत फिरती पाती बसवली आणि बाहेर दोरीला वजनं टांगली. वजन खाली आलं की पाती फिरणार, पाणी घुसळलं जाणार आणि तापणार. तापायचं किती, तर वजनं परत परत वर चढवूनही एक अंश फॅरनहाइटपेक्षा कमी, म्हणजे सगळा खेळ थर्मामीटर बारीक वाचण्याचा. १८५० चा त्याचा आकडा आजच्या भाषेत एका कॅलरीला साधारण ४.१५ ज्यूल येतो, आजचा ४.१८ आहे, त्या काळच्या सामानावर हे भारीच. गणिती रूप हेल्महोल्ट्झने १८४७ लाच दिलं होतं.

लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. काहीच वाया जात नाही असं धरलं तरी एवढ्यासाठी १०० मीटरवरून जवळपास ३,७०० लिटर पाणी खाली सोडावं लागतं, म्हणून तर कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने उतरवून त्यावर वीज काढतात. फुकटात चालणारं यंत्र मात्र होत नाही. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आऱ्यांमध्ये पारा भरलेलं, आपोआप फिरत राहणारं चाक वर्णन केलंय, कल्पना सुंदर आहे पण घर्षणापुढे ते चालणार नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच असले प्रस्ताव तपासणं बंद केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर अजून सुरू आहेत.

नियमाची खरी परीक्षा किरणोत्सर्गात झाली. बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्र इलेक्ट्रॉन बाहेर टाकून बदलतं तेव्हा, त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी वेगळी यायची आणि बेरीज जुळायचीच नाही, इतकी की नील्स बोरसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञही म्हणायला लागला की हा नियम सरासरीपुरताच खरा असेल. पाउली या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये उलटं धरलं, नियम बरोबर, न दिसणारा एक कण ऊर्जा घेऊन पळतोय. त्या काळात हे धाडसच होतं, कारण कण पकडायचा कसा हे त्यालाही माहीत नव्हतं. तो कण म्हणजे न्यूट्रिनो, १९५६ मध्ये अमेरिकेत अणुभट्टीजवळ सापडला. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरपेक्षा खोल, पकडले गेले, त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं होती.

हे असं का, याचं उत्तर १९१८ मध्ये एमी नोदर या गणितज्ञ बाईंनी दिलं: निसर्गाचे नियम काल, आज, उद्या तेच राहत असतील तर ऊर्जा आपोआप अक्षय्य राहते. याचीच दुसरी बाजू म्हणजे प्रसरण पावणारं विश्व काल होतं तसं आज नाही, म्हणून त्याला हा नियम सरळ लावता येत नाही. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला प्रकाश साधारण ३,००० केल्विनचा होता, आज तो २.७ वर आलाय, आणि ती ऊर्जा गेली कुठे या प्रश्नाला सामान्य सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, शाळेच्या पुस्तकासारखं एका वाक्यातलं उत्तर नाही, कारण तिथे अख्ख्या विश्वाची एकूण ऊर्जा अशी नीट व्याख्याच करता येत नाही.