गाडी खाली बसवली, तरी वळणावर कलते ती का?

2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, त्या बातमीने अनेकांना घरच्या जुन्या गाडीची आठवण झाली. सातारा भागातही शेडमध्ये धूळ खात पडलेल्या पद्मिनी आणि अँबॅसॅडर बाहेर काढणारी तरुण मुलं भेटतात. मला याचा मनापासून आनंद आहे. हळहळ एवढीच, की गाडी बाहेर निघाली की पहिला घाव पडतो तो स्प्रिंगवर. ‘एक वेटोळं उडवू, गाडी खाली बसवू, मग बघा यवतेश्वरच्या घाटात कशी चिकटून पळते.’ हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्या खात्रीने बोललं जातं, की त्यामागचं गणित कुणी मांडूनच बघत नाही. ते आज मांडू.

वळणावर गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं ते जडत्वामुळे. हे बल गुरुत्वमध्यावर लागतं, असं शाळेत शिकलेलं असतं. पण अंग कलतं ते कुठल्या बिंदूभोवती? जमिनीभोवती नाही आणि चाकाच्या आसाभोवतीही नाही. तो बिंदू ठरतो चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मच्या तिरकसपणावरून. त्याला रोल सेंटर म्हणतात. पद्मिनीच्या पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आहेत. गाडीकडे समोरून बघत आहोत असं समजा. दोन्ही आर्मच्या रेषा मनात आतल्या बाजूला वाढवा, त्या कुठेतरी एकमेकींना छेदतील. टायर जमिनीला जिथे टेकतो तिथून त्या छेदबिंदूकडे एक रेष ओढा. ही रेष गाडीच्या बरोबर मधल्या उभ्या रेषेला जिथे कापते, ते रोल सेंटर. कागदावर पट्टीने काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर म्हणजे अंगाला कलवणारी पहार. पहार जितकी लांब, तितका तेवढ्याच बलाने जास्त जोर लागतो. आता खरी गंमत. गाडी खाली बसवली की चाक जमिनीवरच राहतं, आर्मचं आतलं टोक मात्र खाली येतं. आर्मचा उतार बदलतो, रेषांचा छेदबिंदू घसरतो आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं.

आकडे घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून मानलेले आकडे आहेत. गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंमी, पुढचं रोल सेंटर 10 सेंमी, म्हणजे पहार 45 सेंमीची. गाडी 5 सेंमी खाली बसवली. गुरुत्वमध्य 50 वर आला, रोल सेंटर जमिनीला टेकलं. पहार झाली 50 सेंमी, म्हणजे 11 टक्के लांब! स्प्रिंगची कामाची, म्हणजे दाबली जाणारी, वेटोळी 8 होती, ती 7 झाली. स्प्रिंगचा कडकपणा वेटोळ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून तो 14 टक्के वाढला. पुढच्या बाजूपुरतं बोलायचं तर एका हाताने 14 मिळाले, दुसऱ्या हाताने 11 गेले. कलणं कमी झालं जेमतेम 3 टक्क्यांनी. बाहेरच्या चाकावर सरकणारं एकूण वजन गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं, ते मात्र 9 टक्क्यांनी कमी झालं. हा फायदा खरा आहे.

पण त्याची किंमत बघा. चाकाला वर जायला समजा 8 सेंमी जागा होती, तर आता तीनच उरली. घाटातल्या वळणावर एक खड्डा आला की आर्म रबरी स्टॉपरवर आदळतो. त्या क्षणी स्प्रिंग नसल्यातच जमा, आणि चाक उडून पकड सुटते ती नेमकी वळणात. त्यात वेटोळं गॅस कटरने कापलं असेल तर आणखी वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणी त्या आचेने उतरतं आणि कापलेल्या जागेजवळची तार मऊ पडते.

स्प्रिंग कडकच करायची असेल तर जाड तारेची करून घ्या. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिमीऐवजी 13 मिमी तार घेतली, बाकी मापं तीच ठेवली, तर कडकपणा सुमारे 38 टक्क्यांनी वाढतो आणि योग्य लांबी ठेवली तर उंचीला हातही लावावा लागत नाही. स्प्रिंगला लाल रंग दिल्याने किंवा ‘स्पोर्ट्स’ लिहिलेल्या स्टिकरने यातलं काहीही होत नाही. घाट चढण्याआधी बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीनेही होत नाही. त्याऐवजी आर्मला चाकाशी जोडणारा झिजलेला सांधा वेळेवर बदलला तर जीव वाचतो.

मग गाडी कुठली घ्यावी? माझं मत पद्मिनीच्या बाजूने आहे. पुढे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, इंजिन 1,089 सीसीचं, आणि वजन टनाच्या आत. रचना उघडी आहे, आर्मची जागा मोजता येते, चांगला लेथवाला असेल तर सुधारताही येते. अँबॅसॅडर दणकट, तिच्या पुढच्या टॉर्शन बारला (स्प्रिंगच्या जागी असलेल्या पोलादी कांबीला) पीळ देऊन उंची बदलता येते, पण वजन जास्त. काँटेसाला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, आवडणाऱ्याने जरूर घ्यावी. मारुती 800 हलकी, सुटे भागही मिळतात, मात्र पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या आर्मच्या जागी शॉकअपचाच उभा दांडा) असल्याने खाली बसवली की रोल सेंटर आणखी झपाट्याने पडतं. स्टँडर्ड हेराल्ड दिसायला देखणी, पण तिचे मागचे स्विंग अ‍ॅक्सल (मधल्या सांध्यावर चाकासकट वरखाली झुलणारे अर्धे आस) जोरात घेतलेल्या वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर चाक पोटाखाली घेतात. पहिल्या प्रयोगाला ती नको.

बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सांध्यांतले रबरी बुश, शॉकअप आणि चांगले टायर बदलायला मात्र कुणाची हरकत नसते, आणि निम्मा फरक तिथेच पडतो.

गाडी बघायला जाताना मोजपट्टी आणि पेचकस घेऊन जा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा, ड्रायव्हरच्या सीटवर एकाला बसवा. खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टची आणि चाकाकडच्या सांध्याची जमिनीपासून उंची मोजा. चाकाकडचं टोक खाली असेल तर ठीक. ते वर गेलं असेल तर स्प्रिंग बसल्या आहेत किंवा आधीच कुणीतरी कापल्या आहेत. मग आर्म जिथे चासीला बोल्टने धरलेले असतात, तिथला पत्रा पेचकसाने टोचून बघा. टोक आत गेलं तर ती गाडी सोडा, रंग कितीही चकचकीत असला तरी.