नजफ

नजफ : इराकमधील शिया मुस्लिमांचे तीर्थक्षेत्र व विद्याकेंद्र. बगदादच्या दक्षिणेस सु. १६० किमी. अंतरावर, कूफा या जुन्या नगराजवळ, वाळवंटी पठाराच्या कडेला वसलेले. चौथे खलीफा व शियांचे पहिले इमाम हजरत अली यांची कबर येथे असल्याची श्रद्धा असून नगराचे सारे महत्त्व तिच्यामुळेच आहे.

कबरीचे स्थान : हिजरी ४० च्या रमजानमध्ये (जानेवारी ६६१) कूफाच्या मशिदीत इब्न मुल्जम या खारिजी (अलींच्या पक्षातून फुटून निघालेल्या) पंथीयाने अलींवर तलवारीचा वार केला, त्यानंतर दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. अलींचे विरोधक असलेले उमय्या घराण्याचे सत्ताधारी आणि खारिजी कबरीची विटंबना करतील, या भयाने दफन गुप्तपणे उरकण्यात आले, असे शिया परंपरा सांगते. मतभेद आहे तो जागेविषयी. मशिदीचा कोपरा, कूफाचा राजवाडा, मदीना अशी निरनिराळी स्थळे जुन्या साधनांत येतात. दहाव्या शतकातील भूगोलकार इब्न हौकल हाही नजफ येथील घुमटाचे वर्णन करतो आणि मशिदीच्या कोपऱ्याविषयीची समजूतही नोंदवतो. अकराव्या शतकातील अल्-खतीब अल्-बगदादी या सुन्नी इतिहासकाराने नोंदवलेल्या एका मतानुसार ही कबर मुघीरा इब्न शूबा याची आहे. मुघीरा हा उमय्यांचा सुभेदार असल्याने या मतामागे संशोधनापेक्षा वादाची खुमखुमी अधिक दिसते.

शिया परंपरेनुसार ही जागा अलींच्या घराण्यातील माणसांना ठाऊक होतीच. उमय्यांची सत्ता गेल्यावर सहावे इमाम जाफर अल्-सादिक (मृत्यू ७६५) यांनी ती अनुयायांना दाखवली. खलीफा हारून अल्-रशीदची कथा याहून लोकप्रिय आहे. शिकारीत हरणे एका टेकाडावर जाऊन थांबली, ससाणे व कुत्रे त्यांच्यामागे तेथे जाईनात. चौकशी करता एका वृद्धाने कबरीचे रहस्य सांगितले. ही कथा शिया विद्वान शेख मुफीद (मृत्यू १०२२) यांच्या ग्रंथात आढळते, म्हणजे घटना आणि लेखन यांत दोन शतकांचे अंतर पडते. शिवाय सातवे इमाम मूसा अल्-काझिम यांचा अंत हारूनच्याच कैदेत झाला, हे लक्षात घेता हारूनला पहिल्या वास्तूचा कर्ता मानणे अवघड आहे. तेराव्या शतकात अब्द अल्-करीम इब्न ताऊस यांनी नजफच्या बाजूचे पुरावे एका स्वतंत्र ग्रंथात एकत्र केले.

दुसरा दावा अफगाणिस्तानातील मजार-ए-शरीफचा. बल्खजवळच्या एका खेड्यात अलींची कबर सापडल्याची वार्ता बाराव्या शतकात, सेल्जुक सुलतान संजरच्या काळी पसरली. मंगोल स्वारीनंतर ती विस्मरणात गेली आणि सु. १४८० मध्ये तैमूरवंशीय सुलतान हुसेन बायकराच्या राजवटीत पुन्हा ‘सापडली’. तेथे आजही मोठी यात्रा भरते. तथापि हा दावा निधनानंतर जवळजवळ पाच शतकांनी पुढे येतो. उलट नजफच्या बाजूने अलींच्या वंशजांची परंपरा आहे. त्यामुळे नजफचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, जरी निधनानंतरच्या पहिल्या शतकाचा आधार घराण्यातील सांगण्यापलीकडे जात नसला तरी.

वास्तू : कबरीवरील निश्चितपणे ज्ञात असा जुना घुमट हमदानी घराण्यातील अबुल् हैजा याने दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला. बुवैही शासक अदुद अल्-दौला याने त्या शतकाच्या उत्तरार्धात नवी इमारत उभारली. त्याचे दफनही येथेच झाले. घुमटावरील सोन्याचा पत्रा नादिरशाहाच्या काळातील (सु. १७४३) आहे. सद्दाम हुसेनविरुद्धच्या १९९१ च्या उठावात रौजाची (कबरीवरील वास्तूची) हानी झाली.

विद्यापीठ : बगदादमधील दंग्यांमुळे शिया विद्वान शेख तूसी सु. १०५६ मध्ये नजफला आले. येथील ‘हौजा’ची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या परंपरेची, सुरुवात सामान्यतः तेव्हापासून मानतात.

जियारत (कबरीचे दर्शन व तेथे म्हणायची प्रार्थना) : भाविक दाराशी थांबून प्रवेशाची अनुज्ञा मागणारी प्रार्थना म्हणतात, मग जरीहला (कबरीभोवतीची चांदी-सोन्याची जाळी) हात लावून सलाम करतात. आदम आणि नूह या प्रेषितांचेही दफन येथेच असल्याच्या श्रद्धेमुळे त्यांनाही सलाम केला जातो. चौथे इमाम जैनुल आबिदीन यांनी या कबरीपाशी म्हटलेली ‘अमीनुल्लाह’ ही जियारत विशेष प्रचारात आहे. १३ रजब (अलींचा जन्मदिन), २१ रमजान व १८ जिल्हिज (ईद-ए-गदीर) या तिथींना मोठी गर्दी होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता २७ रजबच्या रात्रीचे वर्णन करतो : पंगू माणसांना कबरीपाशी आणून ठेवत आणि ती बरी होऊन उठत, असे त्याला सांगण्यात आले. आपण ते स्वतः पाहिले नाही, हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही तो दाखवतो. येथे मिळणारा ‘दुर्र-ए-नजफ’ हा पारदर्शक स्फटिक अंगठीत घालतात.

अरबईनसाठी, म्हणजे अलींचे पुत्र इमाम हुसेन यांच्या हौतात्म्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसासाठी (भारतात चेहलम), नजफहून हुसेन यांची कबर असलेल्या करबलापर्यंत सु. ८० किमी. पायी जाण्याची प्रथा आहे. वाटेवर ‘मौकिब’ नावाचे तळ यात्रेकरूंना मोफत जेवण, चहा व निवारा देतात. इराकमधील बाथ पक्षाच्या राजवटीत या पदयात्रेवर निर्बंध होते. १९७७ मध्ये सरकार व यात्रेकरू यांच्यात मोठा संघर्ष झाला. २००३ नंतर तिने प्रचंड रूप घेतले.

वादी अल्-सलाम : रौजालगतचे हे कब्रस्तान जगातील सर्वांत मोठ्या कब्रस्तानांपैकी एक. अलींच्या सान्निध्यात दफन व्हावे म्हणून इराण व भारतातूनही मृतदेह आणले जात. कॉलऱ्याच्या साथींनंतर एकोणिसाव्या शतकात ऑटोमन सरकारने या वाहतुकीवर आरोग्यविषयक निर्बंध घातले.

भारताशी संबंध : नजफची जुनी अडचण पाण्याची. अवधचा नवाब आसफुद्दौला याच्या देणगीतून अठराव्या शतकाच्या अखेरीस फुरात (युफ्रेटीस) नदीपासून ‘हिंदिया’ कालवा काढण्यात आला. नदीचा प्रवाह हळूहळू त्याच्याकडे वळून मूळ हिल्ला शाखा आटू लागली, म्हणून पुढे १९१३ मध्ये हिंदिया बंधारा बांधावा लागला. अवधच्याच गाजीउद्दीन हैदरने १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कायम कर्जाच्या व्याजातील काही भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नजफ व करबला येथील मुज्तहिदांना (धर्मशास्त्रावर स्वतंत्र निर्णय देणाऱ्या विद्वानांना) मिळू लागला. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी १९४० च्या दशकात येथे नवी जरीह अर्पण केली. निजारी इस्माइलींचे इमाम दुसरे आगाखान यांचे निधन १८८५ मध्ये पुण्यात झाले. त्यांचे दफन मात्र नजफला करण्यात आले.