१९३३ साली दिल्लीत आणि पॅरिसमध्ये: रेडिओ उत्सर्जन चाचणीची पार्श्वभूमी

सांगली आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं. मध्यमलहरींवर १२५१ किलोहर्ट्झ हा त्याचा पत्ता. आता समजा, रेडिओशेजारच्या प्लगमध्ये एक स्वस्तातला चार्जर लावलाय आणि त्यातलं स्विचिंग १२५ किलोहर्ट्झवर चालतंय, म्हणजे सेकंदाला सव्वा लाख वेळा चालू-बंद. अशा स्विचिंगमधून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा लहरीही निघत राहतात. दहावी लहर पडते १२५० किलोहर्ट्झवर, सांगली केंद्रापासून अवघ्या एका किलोहर्ट्झवर. बातम्यांच्या मागे त्या एका किलोहर्ट्झची शिट्टी वाजू लागते आणि चार्जर काढला की थांबते. चार्जर बनवणाऱ्याचं सांगली केंद्राशी काही वैर नसतं, त्याला बहुधा ते कुठे आहे हेही ठाऊक नसतं.

अशा नकळत बाहेर पडणाऱ्या लहरी मोजायच्या आणि मर्यादेत आहेत की नाहीत ते पाहायचं, ही उत्सर्जन चाचणी. हिच्यासोबत दुसरी एक परवानगी कायम गल्लत करून सांगितली जाते. तुमचं यंत्र मुद्दाम काय प्रक्षेपित करतं, कोणत्या पट्ट्यात आणि किती ताकदीने, याची ती परवानगी. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कोणी ठिबकचा वायरलेस कंट्रोलर करायला घेतला, की त्याला हे दोन्ही कागद ऐकू येतात आणि एकाने भागेल असं वाटतं. भागत नाही. दोन्हींचा उगमच वेगळा आहे, आणि गंमत म्हणजे तो एकाच वर्षातला आहे.

भारतात १९२७ साली मुंबईहून इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं नियमित प्रसारण सुरू झालं. कंपनीची मदार श्रोत्यांच्या लायसन्स फीवर होती. फी चुकवून ऐकणारे भरपूर, आणि १८८५च्या तार कायद्यात त्यांना धरायची नीट सोय नव्हती. कंपनी १९३०मध्ये बुडाली. मग सरकारने १९३३चा भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा केला. परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला. यंत्र कोणाकडे आहे, एवढंच या कायद्याला पाहायचं होतं. ते शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर करतं का, हा त्याचा विषयच नव्हता.

हे हत्यार पुढे काय कामाला येऊ शकतं ते १९४२मध्ये दिसलं. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ मुंबईतून ४२.३४ मीटरवर, म्हणजे साधारण ७ मेगाहर्ट्झवर, बोलत होता. जागा बदलत बदलत त्यांनी पोलिसांना हुलकावणी दिली, पण नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले. त्याच काळात इकडे साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. प्रक्षेपक कोणाच्या हातात आहे याची धास्ती सरकारला का वाटत होती, हे वेगळं सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर धास्ती कमी झाली, चौकट तीच राहिली. वारंवारतांचं नियोजन बघणारी डब्ल्यूपीसी शाखा १९५२मध्ये आली. साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन्स काढून त्याचं नूतनीकरण करत राहावं लागे. ते पुस्तक घरात जपून ठेवलेलं अनेकांना आठवत असेल. ते बंद झालं १९८०च्या दशकात.

त्याच १९३३ साली पॅरिसमध्ये वेगळीच बैठक भरली होती. युरोपातल्या घराघरांत रेडिओ पोहोचला होता आणि ट्राम, मोटारी, लिफ्ट, दवाखान्यातली विजेची यंत्रं यांनी ऐकणाऱ्यांना हैराण केलं होतं. प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने मोजमाप करून नियम केले असते, तर एका देशाची मोटर दुसऱ्या देशात विकताच आली नसती. म्हणून मोजायची पद्धत तरी सगळ्यांची एक असावी, या हेतूने सीआयएसपीआर, म्हणजे ‘सिस्पर’, ही समिती उभी राहिली. १९३४मध्ये ती पहिल्यांदा भरली. आजही चाचणी अहवालात उद्योगातली यंत्रं सिस्पर ११, घरगुती उपकरणं १४ आणि दिवे १५ या क्रमांकांखाली दिसतात, ते तिथलेच.

सिस्परच्या लोकांनी एक गोष्ट फार हुशारीने केली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर काम तेच आहे. खरखर किती त्रासदायक हे नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. मिनिटातून एकदा ‘टक्’ झालं तर माणूस दुर्लक्ष करतो. तेवढ्याच ताकदीचे टक्‌टक् सेकंदाला शंभर झाले तर रेडिओ बंद करतो. म्हणून त्यांनी मोजणाऱ्या यंत्रालाच श्रोत्याचा कान बसवला. मध्यमलहरींच्या पट्ट्यात हा क्वासी-पीक डिटेक्टर सुमारे १ मिलिसेकंदाच्या वेगाने चार्ज होतो आणि १६० मिलिसेकंदांच्या सावकाशीने उतरतो. त्यामुळे एकटा-दुकटा टक् कमी भरतो, ओळीने आलेले जास्त. मोजायची पट्टी ९ किलोहर्ट्झ रुंद, म्हणजे मध्यमलहरींवरच्या शेजारशेजारच्या केंद्रांमध्ये जेवढं अंतर असतं तेवढीच. आज वायफाय राउटर तपासतानाही विजेच्या वायरीवरचा गोंगाट याच कानाने ऐकला जातो. रेडिओ ऐकणारे कमी झाले, तरी मोजणारा कान त्यांचाच राहिला.

नंतरची पायरी गाड्यांची. स्पार्क प्लगच्या ठिणगीने टीव्हीच्या पडद्यावर पांढरे ठिपके पडत, म्हणून ब्रिटनने १९५२मध्ये वाहनांच्या इग्निशनवर नियम घातले. संयुक्त राष्ट्रांचा आर १० हा वाहनांचा नियम १९६९चा. आपल्याकडचं एआयएस ००४ भाग ३ हे मानक त्याच्याच धर्तीवर आहे. वाहनांसाठी सुटे भाग पुरवणाऱ्या साताऱ्याच्या कारखान्यांना पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतली ही चाचणी त्यामुळे नवी वाटत नाही.

मग घरात कॉम्प्युटर आले. अमेरिकेत लोकांनी कॉम्प्युटर लावला की शेजाऱ्याचा टीव्ही बिघडू लागला. तिथल्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेने १९७९मध्ये संगणकीय उपकरणांसाठी नियम केले: कारखाना-ऑफिससाठी ए वर्ग, घरासाठी बी वर्ग, आणि बी अर्थातच कडक. अटारी ८०० या कॉम्प्युटरच्या पोटात ॲल्युमिनियमचं जाडजूड कवच होतं ते या लहरी आत कोंडण्यासाठी. टीआरएस-८० या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पहिल्या मॉडेलमध्ये असं काही नव्हतं. नवे नियम लागू होताना ते सुधारत बसण्यापेक्षा कंपनीने १९८१मध्ये सरळ बंद करून टाकलं. युरोपने १९८९मध्ये अशा लहरींबाबत निर्देश काढला आणि १ जानेवारी १९९६पासून तो सक्तीचा केला. माल बाहेर पाठवणाऱ्या आपल्या उद्योगांची या चाचणीशी खरी ओळख झाली ती इथे. गिऱ्हाईकच अहवाल मागू लागलं.

देशात सोय अगदीच नव्हती असं नाही. १९८४मध्ये स्थापन झालेल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने चेन्नईत आणि नवी मुंबईत चाचणी केंद्रं उभारली. पण कायद्याचा जोर बराच काळ परवान्यावरच राहिला. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाले. द्राक्षबागेतला व्हॉल्व्ह घरबसल्या उघडायची सोय शक्य झाली ती त्यानंतर. परवानामुक्त म्हणजे मोकळं रान नव्हे. त्या यंत्राला ईटीए ही प्रकारमान्यता, म्हणजे मुद्दाम केलेल्या प्रक्षेपणासाठीची परवानगी, लागतेच. दूरसंचार उपकरणांसाठी सक्तीच्या चाचणीचे नियम २०१७मध्ये झाले आणि २०१९पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यांत उत्सर्जनाचीही तपासणी आली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या २०१२च्या सक्तीच्या नोंदणीचा भर मात्र शॉक आणि आग यांपासूनच्या सुरक्षिततेवर आहे.

त्या ठिबक कंट्रोलरचंच उदाहरण घेऊ. आत मान्यताप्राप्त ८६५ मेगाहर्ट्झचं रेडिओ मॉड्यूल आहे, ईटीए आहे, मालक निर्धास्त. लॅबमध्ये गेल्यावर कंट्रोलर ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ठेवतात. हे टेबल धातूचं नसतं. खोलीच्या भिंतींवर लहरी शोषणारे टोकदार फोम. टेबल गोल फिरतं, समोरचा अँटेना एक ते चार मीटर वर-खाली होतो, आणि ३० मेगाहर्ट्झच्या पुढे आलेख उमटू लागतो. ७५ मेगाहर्ट्झवर एक सुळका मर्यादेच्या वर जातो. मॉड्यूलचा त्यात काही दोष नाही. बोर्डावरच्या प्रोसेसरचं घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं, त्याची तिप्पट ७५. व्हॉल्व्हकडे जाणारी वायर साधारण एक मीटर, आणि ७५ मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी बरोबर तेवढीच. वायर आपोआप अँटेना झाली. अमेरिकन बी वर्गात तीन मीटरवर इथली मर्यादा मीटरला १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे मीटरला एका मायक्रोव्होल्टच्या तुलनेत ४० डेसिबल. वायरीवर फेराइटचं, म्हणजे असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं, कडं चढवलं आणि व्हॉल्व्हच्या कनेक्टरजवळ एक कपॅसिटर टाकला की सुळका बहुतेक वेळा खाली येतो. हेच बोर्ड आखतानाच केलं असतं तर खर्च काही रुपयांत भागला असता. साचा तयार झाल्यावर तोच बदल महागात पडतो.

१८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३मध्ये दूरसंचार अधिनियम केला. त्याची कलमं २०२४च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वारंवारता कोण वापरणार याबद्दल त्यात भरपूर आहे. पंपाच्या ड्राइव्हमधून किंवा चार्जरमधून सांडणाऱ्या गोंगाटाची मर्यादा मात्र अजूनही मानकांमध्येच शोधावी लागते. त्यामुळे कुपवाडचा जो कारखानदार फक्त जिल्ह्यातच माल विकतो, त्याच्या फाइलमध्ये ईटीए सापडतं, आणि उत्सर्जनाचा अहवाल बहुधा निर्यातीची पहिली ऑर्डर आल्यावरच येतो.