कापीव सूचिपर्णी लाकूड : सीमाशुल्क वर्गीकरण

सूचिपर्णी वृक्षांचे, लांबीच्या दिशेने कापलेले आणि ६ मिमी.पेक्षा जाड असलेले लाकूड कोणत्या शुल्कशीर्षाखाली (शुल्क अनुसूचीतील चार अंकी वर्गाखाली) घालावे, हे ठरवण्याची पद्धत. ठाणे व नवी मुंबईच्या वखारींत या लाकडाला ‘पाइनवुड’ किंवा सरसकट ‘देवदार’ म्हणतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंगत वस्तुवर्गीकरण पद्धतीत, म्हणजे रोजच्या बोलीतल्या ‘एचएस कोड’मध्ये, ते ४४व्या प्रकरणात शीर्ष ४४.०७ खाली येते. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. भारताने सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ ची अनुसूची १९८६ मध्येच तिच्या धर्तीवर आणली आणि २००३ पासून आठ अंकी संकेतांक वापरात आणले. पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात, शेवटचे दोन देशाचे स्वतःचे.

नावांचा घोळ : ‘मऊ लाकूड’ ही संज्ञा फसवी आहे. तिचा संबंध लाकडाच्या कठीणपणाशी नसून वनस्पतिशास्त्राशी आहे. नखाने खरवडता येणारे बाल्सा सपुष्प वनस्पतींपैकी असल्याने ‘कठीण लाकूड’ ठरते. चिवट व जड यू मात्र ‘मऊ’. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘सूचिपर्णी’ हाच शब्द वापरला आहे. शुल्क अनुसूचीही हाच निकष धरते.

सूचिपर्णी म्हणजे सुईसारखी पाने असलेले झाड, हा शब्दशः अर्थही कोकणात अडचणीचा ठरतो. किनाऱ्यावरचा सुरू दिसायला पाइनसारखा असतो, पण त्याच्या ‘सुया’ म्हणजे हिरव्या, सांधेदार डहाळ्या आहेत. कॅसुअरिना वंशातले हे झाड सपुष्प असून त्याचे लाकूड सूचिपर्णी नव्हे. ‘सुरू’ हा शब्द मात्र फार्सीतील ‘सर्व’वरून आला असून तेथे तो सायप्रसचा, म्हणजे खऱ्या सूचिपर्णी झाडाचा वाचक आहे.

‘देवदार’चा प्रवास याच्या उलट आहे. संस्कृत ‘देवदारु’ पश्चिम हिमालयातील सीड्रस डिओडारा या वृक्षाला लावले जाते आणि आयुर्वेदातही बहुतेक जाणकार तोच अर्थ घेतात. बंगालमध्ये मात्र हे नाव आपल्याकडे सोसायटीच्या कुंपणालगत लावतात त्या उंच ‘खोट्या अशोका’ला मिळाले आहे. मराठीत ‘देवदारी खोके’ म्हटले की डोळ्यांसमोर फिकट, गाठींची, खिळे ठोकलेली पॅकिंगची पेटी येते. मग ती चीडाची असो, स्प्रूसची असो वा न्यूझीलंडच्या रेडिएटा पाइनची. हा अर्थविस्तार बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला असावा. त्या काळात देवदाराचे स्लीपर रेल्वेसाठी हिमालयातून मोठ्या प्रमाणावर खाली येत होते. परदेशी सूचिपर्णी फळ्यांच्या ‘डील’ या इंग्रजी नावाच्या ध्वनिसाम्याचाही त्यात हात असू शकेल. पहिले स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते, कारण ‘देवदार’ हा शब्द आधीपासून लोकांच्या तोंडी होता. वर्गीकरणाच्या दृष्टीने मुद्दा साधा आहे : बीजकावर ‘देवदार’ किंवा ‘सीडर’ एवढेच लिहिले असेल तर जात कळत नाही. अमेरिकेचे ‘वेस्टर्न रेड सीडर’ थूजा वंशातले आहे, सीड्रस वंशातले नाही.

डग्लस फर हे आणखी एक उदाहरण. ते ‘ओरेगॉन पाइन’ या नावानेही विकले जाते. प्रत्यक्षात ते ना पाइन (पायनस), ना फर (ॲबीज). त्याचा वंश स्यूडोत्सुगा, म्हणजे ‘आभासी हेमलॉक’ (हेमलॉक हाही एक सूचिपर्णी वृक्ष). म्हणून ते पाइनच्या किंवा फरच्या उपशीर्षात न जाता ‘इतर’मध्ये, ४४०७.१९ खाली, जाते. शास्त्रीय नाव कागदावर असणे का आवश्यक आहे, ते या एका लाकडावरून पुरेसे दिसते.

उपशीर्षके : २०१७ पूर्वी सगळे कापीव सूचिपर्णी लाकूड ४४०७.१० या एकाच उपशीर्षात होते. २०१७ च्या आवृत्तीत त्याचे तीन भाग झाले : पाइनसाठी ४४०७.११, फर व स्प्रूससाठी ४४०७.१२, उरलेल्यांसाठी ४४०७.१९. २०२२ मध्ये आणखी दोन आले : स्प्रूस-पाइन-फर मिश्रणासाठी ४४०७.१३ आणि वेस्टर्न हेमलॉक व फर यांच्या मिश्रणासाठी ४४०७.१४. या दोन्हींची व्याख्या लक्षात घेण्यासारखी आहे. झाडे मिश्र जंगलातून आलेली हवीत आणि प्रत्येक जातीचे प्रमाण बदलते व अज्ञात हवे. अज्ञात असणे हाच येथे निकष आहे. गठ्ठ्यातले सगळे लाकूड स्प्रूसचेच आहे हे माहीत असेल, तर व्यापारी नाव ‘एसपीएफ’ (स्प्रूस-पाइन-फर) असले तरी ते ४४०७.१२ मध्ये जायला हवे. आयातीच्या आकड्यांचा दीर्घ काळाचा अभ्यास करताना २०१७ व २०२२ या दोन्ही वर्षी मालिकेत खंड पडतो, हे विसरता कामा नये.

ओळख पटवणे : सूचिपर्णी लाकडात सागासारखी छिद्रे (वाहिन्या) नसतात, ते बहुतांशी वाहिनिकांचे, म्हणजे लांबट, अरुंद पेशींचे, बनलेले असते. फळीचे टोक धारदार पात्याने तासून, ओले करून दहापट भिंगाखाली धरले तर पहिला प्रश्न राळनलिकांचा, म्हणजे राळ वाहणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचा, असतो. पाइनमध्ये त्या ठळक, उन्हाळी काष्ठाच्या गडद पट्ट्यात पांढुरक्या ठिपक्यांसारख्या दिसतात. स्प्रूस व डग्लस फरमध्ये त्या बारीक असतात. फर, हेमलॉक व देवदार यांत त्या स्वाभाविकपणे नसतात. देवदारात जखमेमुळे झालेल्या नलिकांची आडवी ओळ आढळते आणि नवशिक्या परीक्षक तिथेच चुकतो. डग्लस फर सूक्ष्मदर्शकाखाली वाहिनिकांच्या भित्तींवरील मळसूत्री जाडीवरून ओळखता येते. रंग व वास यांवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण भट्टीत वाळवलेल्या लाकडाचे दोन्ही बदलतात.

संस्करणाची मर्यादा : जात ठरली तरी शीर्ष ठरत नाही. कुऱ्हाडीने किंवा ओबडधोबड कापून चौकोनी केलेला, सालीच्या खुणा राहिलेला ओंडका ४४.०३ मध्येच राहतो. ओंडक्यांवरचे शुल्क कापीव लाकडाहून कमी ठेवण्याची प्रथा असल्याने ही सीमारेषा महत्त्वाची ठरते. ६ मिमी. किंवा त्याहून पातळ पत्रे ४४.०८ मध्ये जातात. रंधा मारणे, सँडिंग करणे व टोकाला टोक जोडणे यांमुळे लाकूड ४४.०७ मधून बाहेर पडत नाही. बोटांसारख्या खाचांनी जोडलेली फिंगर-जॉइंट पट्टीही इथेच राहते. कडेला कड चिकटवण्याचा उल्लेख शीर्षाच्या शब्दांत नाही, त्यामुळे तशा फलकांबद्दल वाद होतात. खाच-जीभ पाडली, सलग नक्षी किंवा गोलाई दिली की ४४.०९. रंधा मारताना कोपरा किंचित गोल झाला तर चालतो, असे वर्गीकरण पद्धतीची स्पष्टीकरणात्मक टिपणे सांगतात. पण ‘किंचित’ म्हणजे किती, याला मिलिमीटरचा आकडा नाही.

या सीमारेषेवरचा सर्वांत गाजलेला वाद अमेरिका व कॅनडा यांच्यातला. १९९६ च्या करारानुसार कॅनडाच्या चार प्रांतांतून शुल्काविना जाणाऱ्या लाकडाला वर्षाला १४.७ अब्ज बोर्डफूट (एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळीचे माप) अशी मर्यादा होती. मर्यादा ४४.०७ च्या मालाला होती. काही निर्यातदारांनी भिंतीच्या उभ्या बत्त्यांना तारा ओवण्यासाठी भोके पाडून माल ४४.१८ मध्ये, म्हणजे बांधकामाच्या सुतारकामात, दाखवला. अमेरिकी सीमाशुल्क विभागाने १९९७ मध्ये हे मान्य केले आणि नंतर फिरवून तो माल ४४.०७ मध्ये आणला. भोक पाडल्याने वस्तू विशिष्ट उपयोगाला बांधली जाते, असे एका बाजूचे म्हणणे. बत्ता बत्ताच राहतो, असे दुसरीचे. शीर्षाच्या शब्दांत भोके पाडणे समाविष्ट नाही, म्हणून पहिल्या बाजूचा युक्तिवाद तसा कच्चा नव्हता. मात्र एका भोकावर शीर्ष बदलू देणारी पद्धत व्यवहारात टिकणे कठीण, हेही खरे.

मापन : एकक घनमीटर. येथेच सर्वांत मोठी चूक होते. उत्तर अमेरिकेतला ‘दोन बाय चार’ बत्ता रंधल्यानंतर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच, म्हणजे ३८ × ८९ मिमी. भरतो. नाममात्र मापाने ४० घनमीटर लिहिलेला माल खरोखर २६.२५ घनमीटरच असतो. वखारीत हिशेब अजून घनफुटात चालतो (१ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट), त्यामुळे आकडा दोनदा बदलतो.

ठाणे व नवी मुंबई : सह्याद्रीच्या या भागात सूचिपर्णी वृक्ष नैसर्गिकरीत्या उगवत नाहीत, जिल्ह्याची ओळख सागाची. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करवत गिरण्यांवरील निर्बंध कडक झाले आणि आयात लाकडाचे महत्त्व वाढले. आयात ओंडक्यांचा मोठा व्यवहार कांडला-गांधीधामकडे आहे. न्हावा-शेवा बंदरात कापीव लाकूड कंटेनरमधून येते. हे बंदर १९८९ पासून सुरू असून रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात आहे. येथील सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर मालस्थानकात) प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा उघडला की टोकांवर रंगाचा पट्टा, प्रतवारीचा शिक्का आणि ‘केडी’ (भट्टीत वाळवलेले) ही अक्षरे दिसतात. सोबतच्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावरील शास्त्रीय नाव आणि बिल ऑफ एंट्रीवरील (आयातीच्या सीमाशुल्क घोषणापत्रावरील) उपशीर्ष जुळते की नाही, हे सीएचए (आयातदाराचा सीमाशुल्क दलाल) आधीच पाहून ठेवतो. शंका असल्यास आयातदाराला मुंबईतील सीमाशुल्क अग्रनिर्णय प्राधिकरणाकडे जाता येते.

हा माल पुढे भिवंडीची गोदामे व ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पॅलेट व खोक्यांसाठी जातो. खिळे ठोकून खोके झाले की शीर्ष ४४.१५. सुटे भाग पूर्ण संचाने आले तरी ४४.१५च, पण नुसत्या फळ्या आल्या तर ४४.०७. निर्यातीच्या पॅलेटला गाभ्यापर्यंत ५६° से. तापमान ३० मिनिटे देण्याची अट वेगळ्या आंतरराष्ट्रीय मानकाची आहे. त्या मानकातही ६ मिमी. किंवा त्याहून पातळ लाकडापासूनच केलेल्या वेष्टनाला सूट आहे.