तांबड्या पट्ट्यावरचा प्लॉट

अंबाजोगाईकडे एका डोंगराच्या पायथ्याशी काकांनी चार गुंठ्यांचा प्लॉट पाहिला. सातबारा बघितला, एनए झालंय का ते विचारलं, बोअरला पाणी किती फुटांवर लागतं तेही विचारलं. प्लॉटच्या मागे जेसीबीने डोंगर उभा तोडलेला होता. त्या कापात कमरेच्या उंचीवर वीतभर जाडीचा तांबडा पट्टा होता. बोटाने दाबला तर ओलसर, बुळबुळीत. वरचा मुरूम मात्र कोरडा ठणठणीत. पट्ट्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आपल्याकडचे डोंगर एकसंध दगडाचे नाहीत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. दोन थरांमध्ये बराच काळ गेला तिथे खालच्या खडकाचा पृष्ठभाग झिजून माती झाली आणि पुढच्या तप्त लाव्ह्याखाली ती भाजून निघाली. हाच तो तांबडा थर. भूशास्त्रात त्याला लाल बोल म्हणतात. भेगाळलेल्या खडकातून पाणी सहज खाली उतरतं आणि या चिकट थरावर येऊन अडतं. साचलेल्या पाण्याचा दाब वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. त्यात पायथा तोडलेला असला, तर वरच्या वजनाला खालून टेकूही उरत नाही आणि दरड कोसळू शकते.

म्हणूनच राज्याच्या 2020च्या एकत्रित विकास नियमावलीत 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ, म्हणजे साधारण 11 अंश. डोळ्याला हा उतार किरकोळ वाटतो. अशा जागी नुसतं घरच नव्हे, तर उतार तोडणं, सपाट करणं, भराव घालणं यालाही परवानगी नाही. माझ्या मते नियमाचा जीव इथेच आहे, कारण धोका बहुतेक वेळा घर बांधण्याआधी, जेसीबी लागतो त्या दिवशीच तयार होतो.

मराठवाड्यात दरडीची भीती कुणाला फारशी नसते. आपल्याला दुष्काळ ठाऊक, 1993चा किल्लारीचा भूकंप ठाऊक. सह्याद्रीइतका पाऊस इथे नाही, हे खरंच. पण पडतो तेव्हा एका रात्रीत कोसळतो. 2021च्या ऑगस्टअखेरीस कन्नडच्या घाटात असंच झालं. दरडी रस्त्यावर आल्या आणि वाहनं अडकून पडली.

दुसरी अडचण आपल्या सवयीची आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि शेतात ते योग्यच आहे. पण तोडलेल्या उताराच्या डोक्यावर शोषखड्डा किंवा समतल चर खणला, तर तेच पाणी नेमकं तांबड्या थरावर जाऊन बसतं. घराच्या वरच्या अंगाला पाणी जिरवायचं नाही, पक्क्या गटाराने बाजूला काढून द्यायचं. मागे दगडी भिंत बांधली तरी तिच्यात पाणी निघायला छिद्रं हवीतच. नाहीतर भिंतच पाणी तुंबवते. वरच्या मातीला चंद्रकोरीसारखी भेग पडली, विजेचा खांब कलला किंवा नवा गढूळ पाझर फुटला, तर त्याच दिवशी घर रिकामं करावं.

आम्ही ओळखीच्या गवंडीमामांना बोलावलं. काका म्हणाले, "मामा, प्लॉट तर सपाट आहे की."

"सपाट जेसीबीनं केलाय. वरी चला."

कापाच्या वर, न तोडलेल्या उतारावर मामांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरली. नळीच्या दोन तोंडांत बरोबर दहा फुटांचं आडवं अंतर ठेवलं आणि पाणी स्थिर होऊ दिलं. नियमाप्रमाणे दोन्हीकडच्या जमिनीच्या उंचीतला फरक दोन फुटांच्या आत हवा होता. टेपवर दोन फूट नऊ इंच आले.

काकांनी इसार दिला नाही. आता ते गावालगतच्या माळावरचा एक प्लॉट बघताहेत. तिथे मुरूम किती खोलीवर लागतो, ते आधी खड्डा खणून पाहायचं ठरलंय.